चुडावा लीग : पैशाविना चालवलेला एक खेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



यंदा हा मेळावा घ्यावा की नाही, असा प्रश्न समितीपुढं होता. सप्टेंबरातल्या पावसानं काय केलं ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सोयाबीन पाण्यात गेलं, कापूस काळा पडला. अशा वर्षी मांडव घालायचा का, असं अनेकांना वाटत होतं. पण गुरुजींनी सांगितलं, "मांडव लहान घाला, पण भेटा." म्हणून आपण भेटतो आहोत. गुरुजींचे आभार.

मला समितीनं विषय दिला होता, ‘चुडाव्यातून पुण्यापर्यंत : एका अभियंत्याचा प्रवास’. खरं सांगते, त्या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. चुडाव्याहून पॅसेंजरनं नांदेडला, तिथं विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं, मग पुण्याची गाडी. आपल्यातल्या पुष्कळांनी तोच प्रवास केला. त्यामुळं मी विषय बदलून घेतला. गेल्या जानेवारीपासून आमच्या बॅचमधले आठ जण एक खेळ चालवतात. त्याबद्दल गावात बरंच बोललं जातं. "ही चाळीशीतली माणसं फोनवर काय खेळायलीत?" असं माझ्या आईनंही विचारलं. तर आज त्या खेळाबद्दल सांगते. तो का सुरू झाला, हेही सांगते. ते सांगणं मला थोडं अवघड आहे, म्हणून आधी सोपं सांगून घेते.

या खेळाला फँटसी लीग म्हणतात. मराठीत मनातला संघ म्हणा. खऱ्या स्पर्धेत खेळणाऱ्या खऱ्या खेळाडूंमधून आपण आपला कागदावरचा संघ निवडायचा. त्या खेळाडूंनी मैदानावर जे केलं, त्याचे ठरलेले गुण आपल्या संघाला मिळतात. स्पर्धा संपली की ज्याचे गुण जास्त तो जिंकला. खेळाडूंना याचा पत्ताही नसतो. ही कल्पना जुनी आहे. १९६२ साली अमेरिकेत ऑकलंडच्या बिल विंकेनबाख आणि त्याच्या मित्रांनी तिकडच्या फुटबॉलवर असा खेळ रचला. १९८० साली न्यूयॉर्कला डॅनियल ऑक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलवर केला. हे लोक एका फ्रेंच खाणावळीत जमायचे, तिचंच नाव त्यांच्या खेळाला पडलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं. वर्तमानपत्रात आकडे यायचे, ते बघून हातानं बेरजा करायच्या. म्हणजे मूळ खेळ काय होता? काही मित्र, एक वही आणि वाद घालायला एक कारण. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा इथंच येणार आहे.

आम्ही हा खेळ हॉकीवर खेळतो. क्रिकेट सोडून हॉकी का, असं सगळे विचारतात. याचं उत्तर नांदेडला आहे. थंडीच्या दिवसांत, गुरु गोबिंदसिंघजींच्या प्रकाशपर्वाच्या सुमारास नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर गोल्ड आणि सिल्वर कपची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होते. कैक वर्षांची परंपरा आहे तिची. आपले पीटीचे सर आम्हाला आठवी-नववीत असताना ती बघायला घेऊन गेले होते. सकाळची पॅसेंजर, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, लिंबगाव गेलं की सगळे दाराशी. मैदानावर पंजाबकडचे उंच खेळाडू बघून आमची तोंडं उघडीच राहिली. चेंडू काठीवर आदळल्याचा आवाज आधी दिसतो आणि मग ऐकू येतो, हे मी भौतिकशास्त्रात शिकायच्या आधी त्या मैदानावर शिकले. परत आल्यावर महिनाभर बाभळीच्या वाकड्या काठ्यांनी शाळेमागच्या पडीक जागेत हॉकी चालली. किती नडग्या फुटल्या ते विचारू नका. मुली खेळत होत्या म्हणून एक-दोन पालक शाळेत तक्रार घेऊन आले. सर म्हणाले, "काठी मुलीच्या हातात शोभत नाही, असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय?" सर आज इथं समोर बसलेत. सर, ते वाक्य मला अजून उपयोगी पडतं.

आता अवघड भाग.

२०१९ मध्ये आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. सुरुवातीला सुप्रभात, मग जुने फोटो, मग आयपीएल. तेव्हा फँटसी क्रिकेटची ॲप जोरात होती. मी आकड्यांत काम करणारी बाई, मला त्यातलं गणित आवडलं. मी एका ॲपची लिंक ग्रुपवर टाकली. संघ कसा निवडायचा, कर्णधार कुणाला करायचं, यावर लांबलचक संदेश लिहिले. एका मैत्रिणीनं विचारलं, "हा जुगारच झाला ना गं?" मी ठासून सांगितलं, "नाही, हा कौशल्याचा खेळ आहे, २०१७ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानंच तसं म्हटलंय." ते खरं होतं. पण खरं असलेली गोष्टही चुकीच्या जागी वापरता येते. तिचा प्रश्न कायद्याचा नव्हता, आपल्या माणसांचा होता. मी उत्तर कायद्याचं दिलं.

मी पन्नास रुपये लावायचे आणि विसरून जायचे. माझ्यासाठी ते पन्नास रुपये होते. आमच्यातला एक मित्र मात्र विसरला नाही. त्याचं नाव मी घेणार नाही. ओळखणारे ओळखतील, आणि तसं झालं तर चालेल, असं तो आणि वहिनी दोघांनीही मला सांगितलंय. "नाव घेऊ नको, पण सांग," असे त्याचेच शब्द आहेत.

पन्नासाचे पाचशे झाले, पाचशेचे पाच हजार. आधी एकदा जिंकला होता, ते जिंकणं त्याला सोडेना. त्यानं ग्रुपमधल्या सहा जणांकडून वेगवेगळी कारणं सांगून उसने घेतले. कुणाला दवाखाना सांगितला, कुणाला बियाणं. एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. २०२१ मध्ये सगळं उघड झालं तेव्हा आकडा सव्वातीन लाखांवर गेला होता आणि वहिनींच्या पाटल्या गेल्या होत्या. आम्ही काय केलं? त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. बटण मीच दाबलं.

त्या पैसे लावण्याच्या खेळाचं गणित मला तेव्हाच मांडता आलं असतं. फार अवघड नाही ते. समजा शंभर माणसांनी पन्नास-पन्नास रुपये भरले. जमले पाच हजार. त्यातून चालवणाऱ्यानं समजा साडेसातशे ठेवले. उरले सव्वाचार हजार, तेच बक्षिसात वाटले. म्हणजे शंभर जणांनी मिळून साडेसातशे घालवले, हे सामना सुरू व्हायच्या आधीच ठरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कौशल्य असणारा दुसऱ्या खेळणाऱ्याच्या खिशातून काढतो, चालवणाऱ्याच्या नाही. दहावीचा पोरगा हे करू शकतो. मी अभियंता होते आणि मी कर्णधार कोण करावा याचे संदेश लिहीत होते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दिवाळीत, मी गावी आले आणि त्याच्या घरी गेले. तीन वर्षांनी. तो ओसरीवर होता, आत जा म्हणाला. वहिनींनी चहा ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ताई, यांना हे तुम्हीच शिकवलं होतं ना?" आवाज चढलेला नव्हता. मी म्हणाले, "हो." यापुढं मला काही सुचलं नाही. चहा प्यायले आणि उठले.

त्याच महिन्यात, ऑक्टोबरच्या मध्यावर, दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला होता. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग पुन्हा सुरू होणार होती आणि पहिल्यांदाच महिलांची वेगळी स्पर्धा होणार होती. चार संघ, प्रत्येकी चोवीस खेळाडू, सामने रांचीला. आमच्या शिक्षिका मैत्रिणीनं ग्रुपवर बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "बाभळीच्या काठ्या आठवल्या का?" त्यावर चार वर्षांत आला नव्हता तेवढा गलका झाला. एसटीतल्या कंडक्टर मित्रानं लिहिलं, "यावर आपला खेळ करू, पण पैसा नाही." मी लगेच लिहिलं, "आणि त्याला घेऊ."

एकदम शांतता. कुणी काही बोलेना. मग आमच्या नर्स मैत्रिणीनं मला फोन केला. ती म्हणाली, "दारू सोडलेल्या माणसाला तू सरबत म्हणून पेला पुढं करायलीस, पण पेला तोच आहे. त्याला विचारू नको. वहिनींना विचार." ते बरोबर होतं. मी वहिनींना फोन केला. त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं. अटी तीन. एक, खेळात रुपया नको, जेवणाची पैजही पैशात नको. दोन, त्यांच्या घरात हा खेळ फोनवर होणार नाही, वहीवर होईल. तीन, ती वही त्या कधीही उघडून बघतील. मी सगळ्यांना कळवलं. सगळ्यांनी मान्य केलं. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांनीही. त्यातल्या एकानं मला वेगळं कळवलं, "मी खेळीन, पण अजून बोलणार नाही त्याच्याशी." तेही मान्य केलं.

आठ जण झालो. पुण्याची मी, कंडक्टर, शिक्षिका, नर्स, नांदेडची बँकवाली, मस्कतला गेलेला इलेक्ट्रिशियन, गावातला शेतकरी मित्र आणि आमचा हा वहीवाला. संघांना नावं दिली आपल्याकडच्या स्टेशनांची : पूर्णा, लिंबगाव, मिरखेल, पिंगळी, वसमत, परभणी, मालटेकडी, नांदेड. चुडावा नाव सगळ्यांनाच हवं होतं, म्हणून कुणालाच दिलं नाही. लीगचंच नाव चुडावा.

एका रविवारी रात्री फोनवर एकत्र येऊन लिलाव केला. प्रत्येकाला शंभर कवड्या, खऱ्या नव्हेत, वहीतल्या. प्रत्येकानं सात खेळाडू घ्यायच्या, त्यात एक गोलरक्षक आणि दोन बचावपटू हव्यातच. खऱ्या लिलावात सगळ्यात महाग भारतीय खेळाडू ठरली होती उदिता, ३२ लाखांना, आणि ती बचावपटू. आमच्यातही तिच्यावर कवड्यांचा पाऊस पडला. मस्कतवाल्यानं तिच्यासाठी एकावन्न कवड्या मोजल्या आणि पुढं त्याच्याकडं बाकीच्या सहा जणींसाठी उरलं ते शेंगदाणे. वहीवाल्यानं दोन कवड्यांत साताऱ्याची ऋतुजा पिसाळ घेतली. कुणी विचारलं, "का रे?" तो म्हणाला, "मराठीत ओरडलं तर तिला कळंल."

आता गुण कसे द्यायचे, हा खरा प्रश्न आला आणि इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट नव्यानं शिकायला मिळाली.

क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूचा हिशेब असतो. कुणी टाकला, कुणी मारला, किती धावा. हॉकीत चार डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे, खेळाडू सतत आत-बाहेर बदलतात आणि सामन्याच्या कागदावर शेवटी उरतं काय? गोल कुणी केला, कोणत्या मिनिटाला केला आणि कार्ड कुणाला मिळालं. हिरवं कार्ड दोन मिनिटं बाहेर, पिवळं निदान पाच मिनिटं, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. बस. जिनं साठ मिनिटं समोरच्या संघाला वर्तुळात येऊ दिलं नाही, तिच्या नावापुढं कागदावर काहीच नाही. म्हणजे बत्तीस लाखांची बचावपटू आमच्या वहीत शून्य.

मी पहिल्या आठवड्यासाठी जे होतं त्यावर नियम केले. गोलला चार गुण, गोल न खाल्लेल्या गोलरक्षकाला तीन, कार्डांना उणे. आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. सामना संपला की तो आकडे उचलायचा, बेरजा करायचा आणि रात्री ग्रुपवर तक्ता टाकायचा. मला फार अभिमान होता त्याचा. पहिल्या रात्री सात अंगठे आले. दुसऱ्या रात्री चार. तिसऱ्या रात्री एक, तोही माझ्या नवऱ्याचा, तो ग्रुपमध्ये नाहीच, माझ्या फोनवरून त्यानं दिला. शिक्षिका मैत्रिणीनं लिहिलं, "अगं, हा तर बोर्डाच्या निकालाचा मेसेज झाला. खेळ कुठाय?"

त्याच दिवशी वहीवाल्याचा फोन आला. तीन वर्षांनी त्यानं आपणहून केलेला पहिला फोन. म्हणाला, "तुझ्या मशीनचं आणि माझ्या वहीचं जुळंना. तू एका ज्योतीचे गुण दुसऱ्या ज्योतीला दिलेस." भारतीय महिला हॉकीत ज्योती एकीहून जास्त आहेत, हे माझ्या प्रोग्रामला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, कारण तो सामना बघत होता. डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसत होते सामने. तो टीव्हीसमोर बसून लाल वहीत लिहीत होता आणि वहिनी शेजारी बसून तपासत होत्या. मी चूक दुरुस्त केली आणि ग्रुपवर जाहीर केलं की यापुढं वही खरी, प्रोग्राम खोटा. वाद झाला तर वही उघडायची.

मग आम्ही साक्षीदाराचा नियम आणला. प्रत्येक सामन्याला आमच्यातला एक जण साक्षीदार. त्यानं पूर्ण सामना बघायचा आणि कागदावर न येणारं काम करणाऱ्या तीन खेळाडूंना तीन, दोन, एक असे गुण द्यायचे. अट एकच. प्रत्येक गुणामागं एक वाक्य लिहायचं, का दिला ते. स्वतःच्या संघातल्या खेळाडूला दिला तरी चालेल, पण वाक्य पटलं पाहिजे. नाही पटलं तर तिघांनी हात वर केले की गुण रद्द.

साखळीचे बारा सामने आणि एक अंतिम, असे तेरा सामने होते. त्या नियमानंतर ग्रुप असा काही बोलू लागला की विचारू नका. कंडक्टर मित्र ड्यूटी संपवून डेपोत फोनवर सामना बघायचा आणि परभणीच्या स्टँडवरून वाक्य पाठवायचा. आमच्या शेतकरी मित्रानं एका बचावपटूबद्दल लिहिलं, "डुक्कर रानात ज्या कोपऱ्यातून घुसतं तिथं ही आधीच जाऊन उभी होती. तीन गुण." त्यावर एकाचाही हात वर झाला नाही. नर्स मैत्रिणीनं लिहिलं, "चेंडू लागून पडली, उठली, कुणाकडं न बघता जागेवर गेली. एक गुण." बँकवालीनं हात वर केला, म्हणाली, "उठण्याचे गुण नसतात." त्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. कुठल्याही प्रोग्रामला हे जमणार नाही. जे गुण आपोआप मिळत नव्हते, ते देण्यासाठी आम्हाला एकमेकांशी बोलावं लागत होतं. मी वीस वर्षं लोकांचं काम आपोआप व्हावं म्हणून राबते आहे. कोणतं काम आपोआप होऊ द्यायचं नाही, हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

एक मोठं भांडणही झालं, तेही सांगते. मस्कतवाल्याचं म्हणणं पडलं की मैदानी गोल अवघड असतो, पेनल्टी कॉर्नरचा सोपा, तर मैदानी गोलला दुप्पट गुण हवेत. त्याच्याकडं आधारही होता. २०१६ आणि २०१७ मध्ये हॉकी इंडिया लीगमध्येच मैदानी गोल दोन गोल म्हणून मोजत असत. मुद्दा बिनतोड. पण स्पर्धा अर्ध्यावर आली होती आणि त्याच्याकडं मैदानी गोल करणाऱ्या खेळाडू जास्त होत्या. वहीवाला एवढंच म्हणाला, "नियम बरोबर असंल, पण डाव सुरू झाल्यावर बदलला की ज्याला फायदा होतो त्याच्याकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतेत. मला माहितंय ते." ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मस्कतवाल्यानं थोड्या वेळानं लिहिलं, "पुढच्या वर्षी बघू." आणि जो त्याच्याशी बोलणार नव्हता, त्यानं त्या संदेशाला पहिल्यांदा उत्तर दिलं. "बरोबर आहे," एवढंच. पण दिलं.

आणखी एक नियम सांगते, कारण अशा लीग बहुतेक याच्या अभावी मरतात. तळाचा माणूस आधी कंटाळतो आणि निघून जातो. मग खालून दुसरा. म्हणून आमच्यात आठवड्याला एक खेळाडू बदलायची मुभा आहे आणि पहिली निवड सगळ्यात तळाच्या माणसाची. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्येही नवे खेळाडू निवडताना तळाच्या संघाला पहिली संधी देतात, तीच रीत. शिवाय जो शेवटचा येईल त्यानं पुढच्या वर्षीचा लिलाव आपल्या घरी घ्यायचा. म्हणजे शेवटच्याला पुढच्या वर्षी यावंच लागतं.

२६ जानेवारीला अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्स आणि सूरमा हॉकी क्लब. ओडिशाचा पहिला गोल ऋतुजा पिसाळनं केला. सूरमानं बरोबरी केली. सामना संपायला चार मिनिटं उरली असताना दुसरा गोल झाला, तोही ऋतुजाचाच. २-१. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचं विजेतेपद ओडिशाला आणि त्यांचे दोन्ही गोल साताऱ्याच्या मुलीचे. आमच्या वहीवाल्याच्या दोन कवड्यांचे आठ गुण झाले. ग्रुपवर एक आवाजी संदेश आला. त्यात तो ओरडत होता, मराठीतच, आणि मागून वहिनींच्या हसण्याचा आवाज येत होता. तो संदेश मी जपून ठेवलाय.

तो जिंकला नाही हं. कंडक्टर जिंकला. वहीवाला आठव्यावरून पाचवा आला. शेवटची कोण आली? गणितवाली. मी. त्यामुळं पुढचा लिलाव माझ्या घरी, आणि ‘घर’ म्हणजे पुणं चालणार नाही, चुडाव्याचं घर हवं, असा ठराव झाला. कंडक्टरला बक्षीस म्हणून सातही घरचे धपाटे, ठेचा आणि दही पोचलं. मस्कतवाल्याच्या वाटचे त्याच्या आईनं केले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या दिवशी वहीवाल्यानं मला बातमी पाठवली, सोबत एक शब्दही नव्हता. मी काय लिहावं ते मला कळेना. शेवटी लिहिलं, "उशीर झाला." त्याचं उत्तर आलं, "तुला का मला?" मी अजून त्याचं उत्तर दिलेलं नाही. कायद्यानं ॲप बंद होतात, पण मित्रानं दिलेल्या लिंकवर कायदा येईपर्यंत कुणाचं लक्ष नसतं. ते आपणच ठेवायचं असतं.

सगळं ठीक झालं, असं मी सांगणार नाही. हप्ते अजून चालू आहेत. पाटल्या परत आलेल्या नाहीत. वहिनी माझ्याशी बोलतात, पण मोजून बोलतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. सप्टेंबरच्या पाण्यानं त्याचंही नुकसान झालं. तेव्हा ज्यांचे पैसे अडकले होते त्या सहा जणांनी आपापसात बोलून वर्षभर हप्ता मागायचा नाही असं ठरवलं. हे मला वहीवरूनच कळलं. लीगच्या शेवटच्या पानामागं त्यानं सहा नावं, सहा रकमा आणि प्रत्येकापुढं ‘पुढच्या दिवाळीपासून’ असं लिहिलंय. पहिल्यांदाच सहाही नावं एकाच पानावर, सगळ्यांना दिसतील अशी.

इथं बसलेल्या तरुण बॅचमधल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. असा खेळ जरूर सुरू करा. कबड्डीवर करा, हॉकीवर करा, गावच्या टुर्नामेंटवर करा. नियम आधी लिहा. डाव सुरू झाल्यावर बदलू नका. हिशेब अशा जागी ठेवा जिथं घरातलं कुणीही उघडून बघू शकेल. तळाच्याला आधी निवडू द्या. पैसा आत आला की तो खेळ तुमचा राहत नाही, मग तो पाच रुपये का असेना. आणि ग्रुपमधून कुणाला काढायची वेळ आली, तर बटण दाबायच्या आधी एकदा त्याच्या घरी जाऊन या. मला तीन वर्षं लागली. चुडावा एवढंसं गाव, पायी दहा मिनिटांचं अंतर होतं.

परवा संध्याकाळी माझ्या घरी ओसरीवर लिलाव आहे. आठही जण येणार आहेत, मस्कतवाला सुट्टीवर आलाय. लाल वही येणार आहे आणि वही घेऊन वहिनीही येणार आहेत. त्यांनी या वर्षी नववा संघ मागितलाय. नाव काय हवं विचारलं, तर म्हणाल्या, "चुडावा. तुम्ही कुणी घेतलं नाही ना, मग मला द्या."

आम्ही दिलंय.